देवापुढं मन मोकळं केलं की हलकं का वाटतं?

दर काही दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतो. ॐकाराच्या कंपनांनी पेशी बऱ्या होतात, अमुक मंत्राची फ्रिक्वेन्सी तमुक हर्ट्झ, परदेशातल्या शास्त्रज्ञांनीही आता मान्य केलंय वगैरे. त्याच ग्रुपवर कुणीतरी लगेच उसळून उत्तर देतं की हे सगळं थोतांड, देवधर्म म्हणजे कमकुवत माणसाची कुबडी. दोन दिवस ग्रुप तापतो, ॲडमिन ‘फक्त सणांच्या शुभेच्छा टाका’ असा दम भरतो आणि मूळ प्रश्न तसाच राहून जातो.

प्रश्न तसा साधा आहे. घरात आजारपण आहे, कारखान्यातलं काम सुटलंय, किंवा काहीच घडलेलं नाही पण सकाळपासून जीव कशात लागत नाही. अशा दिवशी माणूस सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या देवळात अर्धा तास टेकतो, कुणी घरातल्या देव्हाऱ्यापुढं बसतो, कुणी नमाज पढतो, आणि उठताना थोडा सावरलेला असतो. आजारपण जिथल्या तिथं, काम सुटलेलं ते सुटलेलंच. मग हलकं काय झालं?

देव आहे की नाही, या वादात इथं शिरायचं नाही. तो वाद मिटेपर्यंत अवघड दिवस काही थांबत नाहीत. दिलासा मिळतो तो कशातून, एवढंच बघू. उत्तराचा काही भाग शरीरात आहे, काही बोलण्यात आणि काही सोबतीत. त्यातला बोलण्याचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यामुळं तिथं जरा जास्त रेंगाळणार आहे.

आधी श्वासाचं

निवांत बसलेला धडधाकट माणूस मिनिटाला साधारण 12 ते 18 वेळा श्वास घेतो. काळजी लागली की हा वेग वाढतो, श्वास वरच्या वर होतो, छातीत धडधडतं. 2001 साली लुचिआनो बर्नार्डी या इटालियन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास छापला. त्यांनी 23 निरोगी माणसांना कॅथलिक जपमाळेतली लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा बौद्ध मंत्रही म्हणायला लावला. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे 6 वर आला. या संथ लयीत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचे नैसर्गिक चढउतार एकमेकांशी जुळून येतात.

यामागं शरीराची एक व्यवस्था आहे. मेंदूतून निघून मानेतून छातीत आणि पोटापर्यंत जाणारी एक मोठी नस आहे, तिला व्हेगस नर्व्ह म्हणतात. ‘धावपळ पुरे’ हा निरोप ती हृदयाला देते, आणि श्वास सावकाश बाहेर सोडताना तो निरोप जास्त ठळक पोचतो. भजनात नेमकं हेच होतं. चरण संपेपर्यंत श्वास सोडत राहावा लागतो, मध्येच दम घेतला की ताल चुकतो. भजनी मंडळात नवी आलेली बाई पहिल्या दिवशी अर्ध्या चरणात दम घेते, तेव्हा शेजारची टाळ न थांबवता तिला कोपरानं खुणावते : आत्ता नाही, थांब. महिन्याभरात हिचाही श्वास लांबतो.

हर्ट्झवाल्या फॉरवर्डचं उत्तर यातच आलं. लॅटिन चालतं, संस्कृत चालतं, हरिपाठ चालतो. जादू विशिष्ट अक्षरांत नाही. पण सगळी करामत श्वासाचीच असती, तर प्राणायामाच्या क्लासात नाव घातलं की दुःख संपलं असतं. तसं होत नाही, हे क्लासला जाणारे जाणतात.

मागणं आणि सांगणं

सिद्धेश्वराच्या देवळात दुपारी गर्दी ओसरल्यावर कधी बसून बघा. तळ्यावरून वारा येत असतो. खांबाला टेकून एखादी म्हातारी बसलेली असते, पिशवी मांडीखाली दाबून धरलेली, नजर समाधीकडं, आणि ओठ चालू. जवळ गेलं तर ऐकू येतं. ‘नोडप्पा सिद्धरामा,’ अशी कानडीत सुरुवात, मग मराठीत दवाखान्याचं बिल, मग धाकट्याचं पिणं, मग परत कानडीत सुनेची तक्रार. मध्ये एकदा देवालाच झापते : ‘तुला काय, बसलाय निवांत पाण्यात!’ आवाज चढतो, डोळे पुसते, गप्प होते. थोड्या वेळानं उठते, पदर झटकते आणि कट्ट्यावर बसलेल्या दुसरीला विचारते, ‘गवार काय भाव दिला गं?’

त्या अर्ध्या तासात तिनं मागितलं फार थोडं. सांगितलं मात्र पुष्कळ.

2009 साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी नेमका हाच फरक मेंदूच्या स्कॅनमध्ये तपासला. त्यांनी 20 श्रद्धाळू ख्रिस्ती माणसं निवडली. त्यांना स्कॅनरमध्ये झोपवून स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलायला सांगितलं. तेवढ्याच वेळात सांताक्लॉजकडं काय काय हवं तेही मागायला सांगितलं. पाठ असलेली प्रार्थना आणि बालगीतही मनात म्हणवून घेतलं. देवाशी स्वतःच्या शब्दांत बोलताना मेंदूचे जे भाग कामाला लागले, ते आपण समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेताना वापरतो तेच होते. सांताकडं मागताना ते तसे कामाला लागले नाहीत. तो खरा नाही हे मोठ्या माणसाला ठाऊक असतं, त्यामुळं तिथं नुसती यादी होते, ऐकणारं कुणी नसतं. माणसं 20च, म्हणजे अभ्यास लहान. त्यातून देव सिद्ध होत नाही की खोटाही ठरत नाही. कळतं ते इतकंच, की मनापासून प्रार्थना करणाऱ्याचा मेंदू कुणाशी तरी बोलत असतो, आणि ते बोलणं त्याच्या दृष्टीनं खरंखुरं असतं.

आता नुसतं बोलल्यानं काय होतं? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशदायक घटनेबद्दल लिहायला लावलं, घटना आणि तेव्हा काय वाटलं ते दोन्ही. लिहिताना त्यांना त्रासच झाला. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी भरल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम कधी दिसला, कधी पुसट झाला, त्यामुळं त्याला रामबाण म्हणता येणार नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. मनात नुसतीच घोंघावणारी काळजी एकदा वाक्यात बसवली की तिला सुरुवात मिळते, शेवट मिळतो, आणि ती थोडी आवाक्यात येते.

माणसाला सांगायचं तर अडचणी फार. नवऱ्याला सांगितलं तर तो चिडेल, आईला सांगितलं तर तिचं बीपी वाढेल, मैत्रिणीला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत साखर पेठेत पोचेल. देव यातलं काही करत नाही. मध्येच तोडत नाही, सल्ला देत नाही, ‘माझ्याकडं तर याहून वाईट’ असं म्हणत नाही. चारचौघांसारखं नीट बोलावं अशीही त्याची अपेक्षा नसते.

नवसाला मी नावं ठेवत नाही. आमच्या भागात तुळजापूर जवळ, अक्कलकोट जवळ, पंढरपूर तर जिल्ह्यातच, नवस न बोललेलं घर सापडायचं नाही. पण नवस हा करार असतो. काम झालं तर आनंद, नाही झालं तर रुखरुख, वर ‘आपलंच काही चुकलं का’ ही टोचणी. सांगण्यात हरण्यासारखं काही नसतं. अक्कलकोटच्या स्वामी समर्थांच्या नावानं जे वाक्य इथल्या प्रत्येक दुसऱ्या रिक्षामागं रंगवलेलं असतं, ते जरा नीट वाचा : ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे.’ कर्ज फेडीन, नोकरी लावीन, आजार बरा करीन, असं त्यात काहीही नाही. स्वामींनी 1878 साली समाधी घेतली, तरी गुरुवारची रांग हटत नाही, ती मला वाटतं या ‘पाठीशी’साठीच.

मग प्रार्थनेनं रोग बरा होतो का?

याचीही मोठी चाचणी झाली आहे. 2006 साली अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांमधल्या बायपासच्या 1802 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींसाठी अनोळखी भाविकांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. गुंतागुंतीचं प्रमाण एका गटात 52 टक्के, दुसऱ्यात 51. फरक नाहीच. तिसऱ्या गटाला मात्र ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे’ असं सांगितलं होतं, आणि त्यांच्यात ते प्रमाण 59 टक्के निघालं. आपली तब्येत इतकी बिघडली आहे की काय, या धास्तीनं असं झालं असावं, असा एक तर्क संशोधकांनी मांडला.

तेव्हा दुसऱ्या कुणी दुरून केलेली प्रार्थना बायपास सुधारते याला पुरावा मिळालेला नाही. आपण इथं बोलतोय ते स्वतः प्रार्थना करणाऱ्याच्या मनाला मिळणाऱ्या उसंतीबद्दल. या दोन गोष्टींची गल्लत झाली की फॉरवर्ड तयार होतो.

सोबत

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी नंदीध्वजाची ती उंच जड काठी कमरेला बांधून तोलतात, संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो आणि हजारो हातांतून अक्षता उडतात. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा घोष उठतो तेव्हा शेजारचा कोण, कुठल्या पेठेतला, लिंगायत की पद्मशाली की आणखी कुणी, कुणी विचारत नाही. तुमचं दुःखही विचारत नाही. तुम्ही फक्त तिथं उभे असता, आणि तेवढं पुरतं. एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाच्या ठोक्यांचे चढउतार एका लयीत येतात, हे स्वीडनमधल्या एका गायनवृंदावर 2013 साली तपासलं गेलं आहे. कारण पुन्हा तेच : सगळे एकाच जागी श्वास घेतात.

पण सोबतीचं खरं काम दिसतं ते घरात मृत्यू होतो तेव्हा. डोकं बधिर झालेलं असतं, पुढं काय करायचं सुचत नाही. अशा वेळी रीत हाताला धरून नेते. आज तिसरा, आज दहावा, आज तेरावा. मुसलमान घरात तिसऱ्या दिवशीची जियारत, मग चाळीसावा. शेजारून डबे येतात, चुलत्यांना ठरलेल्या जागी बसवलं जातं, रडण्याला वेळ असतो आणि जेवण्यालाही. ‘कर्मकांड’ म्हणून आपण ज्याला नाकं मुरडतो, त्यातलं निदान एवढं कर्मकांड बधिर माणसाला पुढचं पाऊल सांगत असतं. खर्चाचा बोजा आणि विधवा बाईचे हाल करणाऱ्या रीती मात्र यात बसत नाहीत. त्या रीती दुःखात भर घालतात आणि त्या मोडल्याच पाहिजेत.

‘ही सगळी मनाची समजूत’

हो, मनाचीच. दुःखही मनालाच होतं, त्यामुळं समजूतही मनाचीच घालावी लागणार.

सोलापूर हे गिरण्यांचं, विडी कामगारांचं, लाल बावट्याचं शहर. इथं हा आक्षेप जास्त टोकदार येतो : धर्म ही अफू आहे. मार्क्सनं हे 1844 मध्ये लिहिलं खरं, पण त्याच ठिकाणी त्यानं धर्माला पिचलेल्या जिवाचा सुस्काराही म्हटलं होतं. ते वाक्य घोषणेत बसत नाही, म्हणून राहून गेलं असावं. सुस्कारा टाकू नका असं कुणाला सांगणार? आक्षेपातलं खरं तेवढं घ्यावं. विडीच्या मजुरीत काटछाट होत असेल तर तिथं युनियन लागते, मोर्चा लागतो. ‘देवाची मर्जी’ म्हणून गप्प बसवणारा माणूस श्रद्धेच्या नावावर दुसऱ्याच कुणाचं तरी काम करत असतो. जे बदलता येतं त्यासाठी उठावं लागतं. जे बदलत नाही, गेलेलं माणूस, न बरा होणारा आजार, त्यासाठी बसायला जागा लागते.

श्रद्धाच टोचायला लागली तर?

ही बाजू फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही, म्हणून इथं मुद्दाम. केनेथ पार्गमेंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं संकटात श्रद्धा कशी वापरली जाते याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्याचं म्हणणं, श्रद्धा दोन्हीकडं चालते. ‘देव माझ्यासोबत आहे’ असं वाटणारी माणसं सावरतात. ‘देव मला शिक्षा देतोय’, ‘देवानं मला टाकलं’ या विचारात अडकून राहिलेली खचतात. त्याच्या गटानं 55 वर्षांवरच्या सुमारे 600 आजारी माणसांचा दोन वर्षं मागोवा घेतला, आणि अशा विचारांनी ग्रासलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका थोडा जास्त आढळला. हा अभ्यास 2001 चा.

आपल्याकडं या टोचणीची नावं ओळखीची आहेत : मागच्या जन्मीचं पाप, कुलदेवतेचा कोप, पत्रिकेतला दोष. मूल गेलेल्या बाईला ‘भोग असतात, भोगूनच संपवायचे’ असं सांगणारे नातेवाईक धीर द्यायलाच आलेले असतात. हाती देऊन जातात ती शिक्षा.

देवावर राग आला म्हणून पाप लागेल, या भीतीनंही अनेकजण प्रार्थना सोडतात. त्यांनी मंगळवेढ्याकडं बघावं. आपल्याच जिल्ह्यातल्या त्या गावचे चोखोबा. ज्या विठ्ठलावर जीव टाकला, त्याच्या देवळात पाऊल टाकायची त्यांना बंदी होती, आणि गावकुसाची भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांनी हे दुःख अभंगांतून विठ्ठलापुढंच मांडलं. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर आणखी पुढं गेला, हा असला जन्म दिलासच कशाला, असा थेट जाब त्यानं देवाला विचारला. ते अभंग आजही वारकरी परंपरेत मानानं जपलेले आहेत. आणि पंढरपूरचं ते दार दलितांना उघडलं 1947 मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तेव्हा रागावून बोलणं हेही सांगणंच. त्यानं नातं तुटत नाही.

देवावर विश्वासच नसेल तर?

तरी बरंचसं हाताशी आहे. सोलापुरातल्या बुद्धविहारांत संध्याकाळी वंदना होते. बुद्धाकडं जगाचा कर्ता म्हणून कुणी काही मागत नाही, पण संथ पठण आहे, शेजारी बसलेली माणसं आहेत. वही आहे, गाणं आहे, विश्वासातला एखादा मित्र आहे. नास्तिक माणसाला ‘तू देवळात ये, बघ कसं वाटतं’ म्हणून ओढू नये. तिथं त्याला फक्त चप्पल चोरीला जाईल का याची काळजी लागते.

अवघड दिवशी करायचं काय

अवघड दिवशीच पहिल्यांदा हात जोडले तर बहुधा मन लागत नाही, आणि मग ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून माणूस सोडून देतो. सोलापूरकराला हे वेगळं समजवायला नको. आपल्या नळाला रोज पाणी येत नाही. येईल त्या दिवशी बॅरल, घागरी, कळशा भरून ठेवतो, म्हणून कोरड्या दिवशी तांब्या बुडवता येतो. रोजच्या साध्यासुध्या दिवशी पाच मिनिटं बसायची सवय असेल, तर वाईट दिवशी शरीर आपणहून त्या जागी जाऊन बसतं.

तीही नसेल तर फार मनावर घेऊ नका. स्तोत्र आठवत नसेल तर स्वतःच्या भाषेत बोला. मनात बोलण्यापेक्षा ओठ हलवून बोललेलं बरं, मन भरकटत नाही. गर्दीचा त्रास होत असेल तर सोमवारी सिद्धेश्वराला जाऊ नका, मंगळवारी दुपारी जा. आणि दुसऱ्याला धीर द्यायला गेलात तर ‘देव करतो ते बऱ्यासाठी’ हे वाक्य घरीच ठेवून जा. हे फार तर ज्याचं दुःख त्यानं स्वतःशी म्हणावं.

डॉक्टर कधी?

उदासी दिवसाचा बहुतेक वेळ, जवळपास रोज, दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकली. झोप, भूक उडाली किंवा भलतीच वाढली. ज्या भजनात जीव रमायचा तेही नकोसं झालं, तर तो वाईट दिवस राहिला नाही, आजार झाला असण्याची शक्यता आहे. नैराश्य मधुमेहासारखंच उपचारानं आटोक्यात येतं. जगणं नको असं मनात येत असेल तर दोन आठवडे थांबायचंही नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416, फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आणि कुणी ‘अंगात काहीतरी आलंय’ म्हणत साखळीनं बांधायला, मारायला, मिरचीची धुरी द्यायला सांगत असेल, तर तिथून माणसाला आधी बाहेर काढा. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं महाराष्ट्रात हा गुन्हा आहे, पोलिसांत तक्रार करता येते.

‘गोळ्या घेतल्या म्हणजे माझी श्रद्धा कमी पडली का?’ हे विचारणारे पुष्कळ भेटतात. चष्मा लावून पोथी वाचताना हा प्रश्न कुणाला पडत नाही. गुरुवारी अक्कलकोटला जायचं असेल तर खुशाल जा. सकाळची गोळी मात्र घेऊनच एसटीत बसा, आणि रात्री परतायला उशीर होणार असेल तर रात्रीचीही पिशवीत टाका.